सणावाराला उठणारं डोकं

माझं डोकं सणावारालाच उठतं, असं आमच्या गावात सगळे म्हणत. गाव म्हणजे अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेला, मरोळच्या अंगाला, भातखाचरांच्या कडेनं बसलेली पन्नास-साठ कौलारू घरं, एक विहीर आणि एक चर्च. आम्ही तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून सगळ्यांना कळायचं. तसंच कोण खरं आजारी आणि कोण सोंग करतंय, हेही आपल्याला कळतं असं प्रत्येकाला वाटायचं. माझी नणंद बेटी गावातच दिलेली, आमच्या शेजारच्याच घरात. ती तोंडावर म्हणायची, "सेराफिनाच्या डोक्याला कॅलेंडर बरोबर कळतं. साध्या बुधवारी कधी दुखलं नाही ते." बायका हसायच्या. मीही हसायची, कारण ती फारसं खोटं बोलत नव्हती.

साध्या बुधवारी दुखलं तरी ते चालून जायचं. कपाळाला सुंठ उगाळून लावली की मी भात लावायला चिखलात उभी राहायची. खरं दुखणं यायचं ते मोठ्या दिवशी. क्लॅरिस आमची एकुलती एक. ती सात वर्षांची असताना तिचं पहिलं कम्युनियन झालं, म्हणजे वेदीपुढं जाऊन तिनं प्रभूची भाकर पहिल्यांदा घेतली. तिचा पांढरा झगा मी स्वतः शिवला होता, बाह्यांना लेस लावली होती. त्या सकाळी झग्याची मागची बटणं लावता लावता शेवटची दोन मला दिसेनाशी झाली. बटणं होती तिथं, पाण्यावर ऊन हलावं तसं काहीतरी चमकत होतं. काय येतंय ते मला ठाऊक होतं. मी बोटांनी चाचपून बटणं लावली, तिचा हात तिच्या बापाच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन पडले.

ते दुखणं असं यायचं. आधी ती चमक, करवतीसारखी दातेरी, हळूहळू मोठी होत जाणारी. समोरच्या माणसाचं अर्धं तोंड तिच्यात बुडायचं. ती विझली की थोडा वेळ बरं वाटायचं आणि मग डाव्या डोळ्याच्या मागं कुणीतरी मुसळ घेऊन कांडायला बसायचं. उजेड नको, आवाज नको, कसलाही वास नको. सांडशी जमिनीवर पडली तरी मला ओकारी यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं धुऊन गेल्यासारखं जायचं आणि मी उठून अंगण झाडायला लागायची. त्यामुळं लोकांना ते आणखीच खोटं वाटायचं. काल मेल्यासारखी पडली होती आणि आज बघा, घागर कमरेवर घेऊन चालली.

क्लॅरिसच्या दृढीकरणाच्या विधीला बिशप आले तेव्हा मी आतल्या खोलीत होते. माझ्या धाकट्या भावाचं बोरिवलीला लग्न झालं, तेव्हा मी माहेरच्या माळ्यावर चादर तोंडावर घेऊन पडले होते आणि खाली माझ्याच नावानं हाका मारत होते. माझी आई गेली, तिच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा झाली, तिला मातीत ठेवली. तिच्या पेटीवर मूठ मूठ माती टाकायला सगळ्या लेकी होत्या, मी तेवढी नव्हते. मी तिच्याच खाटेवर पडून होते. त्यानंतर माझ्या बहिणी माझ्याशी पहिल्यासारख्या बोलल्या नाहीत.

इलाज पुष्कळ झाले. वांद्र्याच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे मिळतात, ज्याचं जे दुखतं ते विकत घेऊन मातेपुढं ठेवायचं. मी सहा वर्षं मेणाचं डोकं ठेवलं. एका वैद्यानं सांगितलं, ही अर्धशिशी आहे, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खात जा. त्यानं खरंच बरं वाटायचं. पण रविवारी आणि सणाला ती खाता येत नसे. तेव्हा नियम असा होता की कम्युनियन घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण जाता कामा नये. सकाळी चर्चमध्ये सगळं गाव वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकायचं, ते उपाशी पोटीच. मी त्या नियमात माझी भर घातली होती. मोठा दिवस असला की मी आदल्या संध्याकाळपासूनच जेवत नसे. देवाला म्हणायची, एवढं सोसते, उद्याचा एक दिवस डोक्याला आवर. दुखणं जितकं वाढलं तितका मी उपास वाढवला. मला दुसरं काही देता येण्यासारखं नव्हतं.

छप्पन सालच्या नाताळाआधी क्लॅरिसचं लग्न ठरलं. मुलगा मालाडचा, ह्युबर्ट नावाचा, रेल्वेच्या वर्कशॉपात. क्लॅरिस तेव्हा फोर्टात टायपिस्ट होती. घरात पहिली शिकलेली तीच. तिनं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. एका संध्याकाळी ऑफिसातून आली, चपलाही काढल्या नव्हत्या, दारातच उभी राहून म्हणाली, "आये, मला फक्त एवढंच पाहिजे. तू तिथं असायला पाहिजेस. पहिल्या बाकावर." मी म्हटलं, देवाची इच्छा असेल तर. ती म्हणाली, देवाचं राहू दे, आपण आधी डॉक्टरकडं जाऊ.

डॉक्टर जयवंत अंधेरी स्टेशनाजवळ बसायचे. हिंदू माणूस, बारीक आवाजात बोलणारा. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि मग मला काय काय झालं ते सगळं सांगायला लावलं. मी एकेक दिवस सांगत गेले, क्लॅरिस मध्ये मध्ये दुरुस्त करत होती. मग त्यांनी विचारलं, असा एखादा मोठा दिवस सांगा की जेव्हा डोकं उठलं नाही. मला आठवेना. क्लॅरिसला आठवलं. तिच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, तिला इंग्रजीचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, तेव्हा मी आले होते आणि शेवटपर्यंत बसले होते.

डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी जेवून गेला होता?"

मी म्हटलं, अर्थात. समारंभ दुपारचा होता.

"आणि बाकीच्या दिवशी?"

बाकीच्या दिवशी सकाळी मिस्सा असायची आणि मी आदल्या संध्याकाळपासून उपाशी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की काही माणसांचं डोकं रिकाम्या पोटानं उठतं. दुखणं मुळातून जाणार नाही, पण मोठ्या दिवशी मुद्दाम ओढवून घेण्याचं कारण नाही. रात्री नीट जेवा, सकाळी उठल्या उठल्या काहीतरी पोटात घाला. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहूनही दिलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. क्लॅरिसनं बाहेर आल्यावर रस्त्यात उभं राहून मला ती चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली.

मला पटलं नाही असं नाही. पण मला राग आला. इतकी वर्षं जे मी देवासाठी केलं, तेच माझं दुखणं, असं एका परक्या माणसानं पाच मिनिटांत सांगितलं होतं. आणि पोरीच्या लग्नात आई खाऊन गेली, तर कम्युनियनला उठता येणार नाही. वधूची आई पहिल्या बाकावर बसून राहिली आणि सगळं गाव तिच्या अंगावरून पुढं कठड्याकडं गेलं, तर लोक एकच समजतात. बाईच्या जिवावर मोठं पाप आहे, आणि ते कुमसारात, फादरांपुढं कबुली देताना, सांगायची तिची तयारी नाही.

हे मी क्लॅरिसला बोलले. ती फादरांकडं गेली. परत आली ती हसतच आली. फादर म्हणाले, तीन-चार वर्षांपूर्वीच नियम थोडा सैल झालाय. आजारी माणसानं विचारून घेतलं तर पातळ असं काहीही पिता येतं, दूध, चहा, गाळलेली पेज. कम्युनियनला अडचण नाही. त्यांना माझी परवानगी आहे म्हणाले. "आता काय सांगशील?" क्लॅरिस म्हणाली.  मी तिला शब्द दिला की लग्नाच्या सकाळी मी पेज पिईन.

लग्न फेब्रुवारीत, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आधीच्या एका रविवारी धरलं. शनिवारी आमच्याकडं उंबराचं पाणी असतं. बँड लावून, गाणी म्हणत, बायका विहिरीवर जातात आणि नवरीला न्हाऊ घालायला घागरी भरून आणतात. आईनं पहिली घागर भरायची. भर उन्हात, पितळी बाजाच्या मागं चालायचं. इतर कुणाच्या लग्नात मी हे कधी करू शकले नव्हते. मी बहुधा घरी बसून भाजी निवडायची.

त्या शनिवारी क्लॅरिसनं मला सकाळी भाकरी खायला लावली, दुपारी समोर बसून भात खायला लावला. चार वाजता आम्ही निघालो. ऊन अजून कडक होतं. बँडवाल्यांचा तो मोठा बाजा माझ्या कानाशीच होता. मी चालताना आपल्या डोळ्यांकडं लक्ष ठेवून होते. आता चमकेल, आता चमकेल. काही चमकलं नाही. विहिरीवर मी घागर सोडली, भरली, वर ओढली. बायका गात होत्या. बेटीनं माझा हात धरून मला नाचायला ओढलं. मी लुगड्याचा पदर खोचला आणि नाचले. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, विहिरीच्या काठी नाचले. क्लॅरिस बाजूला उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. घरी येऊन तिला न्हाऊ घालताना मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, सुटलं. गेलं ते दुखणं.

तिथंच मी चुकले. गेलं असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी घरात पाहुणे इतके होते की सगळ्यांना वाढता वाढता माझं जेवण राहिलं. कुणी विचारलं असतं तर मी जेवले म्हणून सांगितलं असतं. क्लॅरिसला मेंदी-तेलाच्या गडबडीत पाहायला वेळ नव्हता.

रविवारी मिस्सा नऊची होती. क्लॅरिस सगळ्यांच्या आधी उठली आणि स्वतःच्या लग्नाच्या दिवशी स्वतःच्या हातानं चूल पेटवून माझ्यासाठी पेज केली. गाळून घेतली, मीठ घातलं, वाडगा चुलीच्या बाजूला ताटलीखाली झाकून ठेवला. मला म्हणाली, "मी केस घालायला बसते. गरम आहे तोवर पी." मी मान डोलावली. वाडगा जरा निवू दे म्हणून मी अंगणात चक्कर टाकली, मांडवाची एक फांदी सुटली होती ती बांधली.

मी आत आले तर चुलीपाशी बेटी आणि तिच्याबरोबर तीन बायका. दोघी मालाडच्या, ह्युबर्टच्या घरून हार घेऊन आलेल्या. चौघी उपाशी, चौघी लुगडी नेसून तयार. बेटी बहुधा निखारे बघायला वाकली होती. तिनं ताटली उचलली.

"ही कुणाची गं?"

 ती मालाडच्या बायकांकडं पाहून हसली. "आज लग्नघरात कोण खाणार? नवरीची आईच की काय?"

त्यात टोमणा होता की नुसतं बोलणं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. बेटीचा आवाजच तसा. फादरांची परवानगी माझ्याकडं होती, डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या पेटीत होती. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण त्या दोन परक्या बायका माझ्याकडं पाहत होत्या आणि मला एकदम वाटलं, आता सगळं सांगावं लागणार. डोकं, दुखणं, आईची माती, सगळं. आणि त्या घरी जाऊन सांगणार, पोरीची आई आजारी आहे, पोरीलाही असेल.

"कोंबड्यांची आहे," मी म्हटलं.

"मग घाल की त्यांना. केव्हाच्या ओरडताहेत."

मी वाडगा उचलला, मागल्या दारी गेले आणि ओतला. कोंबड्या धावत आल्या. वाडगा मी तिथंच हौदावर विसळला. मनात म्हटलं, काल एवढ्या उन्हात काही झालं नाही, आज तास-दोन तासांचाच प्रश्न आहे. पाणी प्यायला आता मुभा होती, म्हणून वर तांब्याभर पाणी प्यायले.

आत क्लॅरिस आरशापुढं बसली होती. तिनं आरशातूनच विचारलं, "प्यायलीस?"

"प्यायले," मी म्हटलं.

तासाभरानं सगळे अंगणात जमले. अर्बन, माझा घरवाला, विक्रोळीच्या कारखान्यात फिटर होता. त्याला कोट घालायची सवय नव्हती. कोटाला फूल लावून दे म्हणून तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी टाचणी हातात घेतली, वर पाहिलं, आणि त्याची हनुवटी मला दिसेना. हनुवटी नव्हती, ओठांची एक बाजू नव्हती. तिथं ती करवत हलत होती. अर्बननं माझं तोंड पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं माझ्या हातातली टाचणी काढून घेतली.  त्याला इतक्या वर्षांची सवय होती.

मी तरीसुद्धा निघणार होते. मला वाटलं, चमक विझल्यावर जो मधला वेळ असतो त्यात मिस्सा उरकेल. मी बाकावर डोळे मिटून बसेन. पण त्या दिवशी मधला वेळ मिळालाच नाही. बँडवाल्यांनी मांडवात वाजवायला सुरुवात केली आणि मी भिंत धरून आतल्या खोलीत गेले.

आमच्यात नवरी घरातून निघताना आईबापापुढं गुडघे टेकून आशीर्वाद घेते. बाहेर अर्बननं दिला. मग ती माझ्या खोलीत आली. दार उघडलं तसा उजेड सुरीसारखा आत आला. ती झग्याचा घेर गोळा करून माझ्या खाटेपाशी गुडघ्यांवर बसली. तिच्या डोक्यावर मोगरा होता आणि ह्युबर्टनं दिलेलं सेंट तिनं लावलं होतं. तो वास माझ्या नाकातून थेट पोटात गेला. मला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवायचा होता. मी तोंड उघडलं तर ओकारी येईल हे मला कळत होतं, आणि तिचा पांढरा झगा माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता.

"दूर हो," मी म्हटलं.

ती हलली नाही. तिला बहुधा नीट ऐकू आलं नाही असं वाटलं असेल.

"दूर हो गं."

ती उठली. मी भिंतीकडं तोंड करून जमिनीवर ओकले. नुसतं पाणी. ती दारापाशी गेली आणि तिथं थांबली.

"आये, पेज पिऊनसुद्धा?"

मला तिथं सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, "हो."

तिनं झग्याचा घेर पुन्हा उचलला. मग म्हणाली, "मग जाऊ दे. तुझ्या हातात नाही ते." तिनं दार ओढून घेतलं, हळूच, आवाज न करता, लहानपणापासून ती ओढत आली होती तसं. मग बाजा वाजत निघाला आणि लांब गेला.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर माझ्या जागी बेटी बसली. वेदीच्या कठड्याशी नवरीच्या आईच्या जागी तीच गेली. हे मला अर्बननं सांगितलं. आणखीही सांगितलं, पोरगी किती छान दिसत होती, आवाज किती स्पष्ट होता, फादर काय बोलले. मला सांगायची त्याला सवय होती. माझ्या मुलीचं सगळं आयुष्य मला त्यानं संध्याकाळी, हळू आवाजात, दाराशी बसून सांगितलेलं आहे.

बेटी दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन आली. तिला वाईट वाटत होतं. म्हणाली, "मी काय मुद्दाम नाही गेले तुझ्या जागी. कुणीतरी जायला पाहिजे होतं." मी म्हटलं, बरं केलंस. मी तिला वाडग्याबद्दल काही बोलले नाही. तिनं फक्त विचारलं होतं.

त्याच वर्षी, ईस्टरच्या जवळपास, फादरांनी रविवारी नवा नियम वाचून दाखवला. आता मध्यरात्रीपासून उपाशी राहायचं कारण नाही, कम्युनियनच्या आधी तीन तास खाल्लं नाही म्हणजे झालं. सगळ्यांनाच मोकळीक. बायका आपसात कुजबुजल्या. बेटी माझ्या कानाशी म्हणाली, "आता काय, झकास. न्याहारी उरकून या, आणि देवाला भेटा." मी त्यानंतरच्या रविवारी पहाटे पाचला उठले, भाकरी खाल्ली, नऊच्या मिस्सेला गेले. कठड्याशी गेले, परत आले, गुडघ्यांवर बसले. डोकं स्वच्छ होतं. मी लग्नापासूनचे दिवस मोजले. सात-आठ आठवडे. तेवढंच मध्ये होतं.

पण मध्ये आठवडे नव्हते, हे मला कळत होतं. नियम तेव्हाही माझ्यासाठी मोकळा होता.

ऑगस्टात क्लॅरिस माहेरी आली. तिला चौथा महिना होता. आल्या आल्या ती आतल्या खोलीत जाऊन पडली, आणि खिडकी लाव म्हणाली. मी खिडकी लावली. तिनं डोळ्यांवर हात घेतला होता.

"आये, आधी असं पाण्यासारखं हलतं का गं डोळ्यापुढं? एका बाजूला?"

 मी खाटेच्या कडेवर बसले. विचारलं, किती दिवस झाले. दोन महिने, ती म्हणाली. आठवड्यातून एकदा तरी येतं. मी विचारलं, सकाळी काय खातेस. ती म्हणाली, काही नाही, सकाळी पोटात काही राहत नाही, आणि ऑफिसात जायची घाई. मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, आठवतं ना, रिकाम्या पोटी राहायचं नाही.

ती हसली, डोळ्यांवरचा हात न काढता. "ते काही खरं नाही गं. तू पेज पिऊनसुद्धा आलंच होतं ना. जे यायचं ते येतं."

बाहेर पाऊस लागला होता आणि कौलांवर एकसारखा वाजत होता. त्या आवाजात न बोलता बसून राहता आलं असतं.  मग म्हटलं, "मी प्यायले नव्हते."

तिनं हात काढला.

"कोंबड्यांना ओतली," मी म्हटलं.

"का?"

"बेटीनं विचारलं, ही कुणाची म्हणून."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

ती उठून बसली. तिचं डोकं ठणकत असणार, पण ती बसून राहिली आणि माझ्याकडं पाहत राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं. मग म्हणाली की ती मालाडला सगळ्यांना सांगत आली, सासूला, नणंदेला, ऑफिसातल्या मुलींना, की माझ्या आईनं सगळं केलं, डॉक्टरनं सांगितलं ते सगळं केलं, तरी नशीब. शेवटी तिनं विचारलं, "माझी आहे म्हणायला काय झालं होतं तुला?"

 उत्तर मी आजही शोधते आणि मला सापडत नाही. त्या बायकांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत.

मी तिला चहा आणि पाव दिला. तिनं सगळा खाल्ला, सांगितलेलं ऐकणाऱ्या लहान मुलासारखा, शेवटच्या तुकड्यापर्यंत. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर अर्बन तिला बसपर्यंत पोचवायला गेला. जाताना ती माझ्या पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला. काही वावगं बोलली नाही. त्यानंतर ती सकाळी खायला लागली आणि तिचं डोकं कमी झालं, असं ह्युबर्टनं सांगितलं.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत तिला मुलगी झाली, एकोणसाठमध्ये मुलगा. दोन्ही बाप्तिस्म्यांना मी मालाडला गेले. पहाटे जेवून निघाले. दोन्ही वेळा पहिल्या बाकावर बसले, पाणी ओतताना बाळ रडलं ते ऐकलं, मेणबत्ती पेटवली तेव्हा डोळ्यांना काही झालं नाही. क्लॅरिसनं बाळाला धर्मआईच्या हातात दिलं आणि वळून जमलेल्या लोकांकडं पाहिलं. नवऱ्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, बेटीकडं पाहून हसलीसुद्धा. मी अर्बनच्या शेजारीच होते. तिची नजर माझ्यावरून पुढं गेली. रागानं नाही. अशा दिवशी मी कुठं बसलेली असेन हे शोधायची तिला सवयच नव्हती.